एनईपी समन्वयक कसे व्हावे?
मधल्या फळीतल्या महाविद्यालयांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

प्रास्ताविक

अभिनंदन! स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी तुमचे नाव उच्चारले आणि कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे तुम्ही महाविद्यालयाचे एनईपी समन्वयक झालात. ही निवड सेवाज्येष्ठतेने होत नाही. मीटिंगच्या दिवशी जो रजेवर असतो, किंवा ज्याला एक्सेल येते असा स्टाफरूममध्ये प्रवाद असतो, त्याच्याकडे हे पद आपल्या पायांनी चालत येते. मानधन नाही. नियुक्तिपत्र मात्र मिळेल. ते जपून ठेवा, नॅकला लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केले. महाराष्ट्रात ते आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत २०२३-२४ साली आले, आणि तुमच्याकडे, म्हणजे संलग्न महाविद्यालयांत, २०२४-२५ साली. मधल्या काळात कार्यशाळा पुष्कळ झाल्या. त्यांची प्रमाणपत्रे तुमच्या फाइलमध्ये असतीलच. आता प्रत्यक्ष कामाला लागू.

लागणारे साहित्य

१. एक संगणक. प्रवेशाच्या दिवसांत ऑफिस तो उचलून नेणार नाही, अशी हमी ओएसकडून, म्हणजे कार्यालयीन अधीक्षकांकडून, तोंडी घ्यावी. लेखी मिळत नाही.
२. दिनांक २० एप्रिल २०२३ आणि १३ मार्च २०२४ चे शासन निर्णय. दोन्हीच्या झेरॉक्स वेगवेगळ्या रंगाच्या फायलींत लावाव्यात, नाहीतर जुन्या निर्णयाप्रमाणे नवे वेळापत्रक तयार होते.
३. विद्यापीठाची परिपत्रके, तारखेनुसार. सर्वांत ताजे परिपत्रक वर ठेवावे आणि ते शेवटचे आहे असे समजू नये.
४. फोटोवर तारीख, वेळ व अक्षांश-रेखांश छापणारे मोबाइल ॲप. याचा उपयोग पाठ सहामध्ये येईल.

पाठ १ : आपले महाविद्यालय ओळखा

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ साली देशात ४५,४७३ महाविद्यालये होती. त्यांपैकी ४,६९२ महाराष्ट्रात. यातली मूठभर वर्तमानपत्रांत असतात. फर्ग्युसन, झेवियर्स यांना धोरण आले काय आणि गेले काय, प्रवेशाची रांग हटत नाही. दुसऱ्या टोकाला अशीही आहेत, जिथे पटावर विद्यार्थी आहेत आणि वर्गात चिमण्या. उरलेले ते तुमचे.

ओळखण्याच्या खुणा अशा. तालुक्याचे ठिकाण. संस्थापकांचा अर्धपुतळा. कला आणि वाणिज्य अनुदानित, विज्ञान अर्धे अनुदानित, बीसीए विनाअनुदानित. नॅकची श्रेणी बी प्लस किंवा बी डबल प्लस. मागच्या वेळी 'ए' थोडक्यात हुकली, ही हळहळ सर्व भाषणांत कायम. शेवटची सोयीची एसटी साडेबाराला, म्हणून कॉलेज सकाळचे. विद्यार्थी दीड हजारांच्या आत-बाहेर.

धोरणाला या आकड्याची अडचण आहे. उच्च शिक्षणसंस्थेत शक्यतो तीन हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असावेत, २०४० पर्यंत सर्व संस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात आणि विद्यापीठाशी संलग्न राहण्याची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपावी, असे धोरण म्हणते. म्हणजे तुमचे कॉलेज आज ज्या रूपात आहे ते रूप धोरणाच्या अखेरच्या चित्रात नाहीच. त्याने मोठे व्हावे, कोणात तरी विलीन व्हावे, किंवा स्वतः पदवी देणारी स्वायत्त संस्था व्हावे. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. तो समूह विद्यापीठाचा मार्ग. त्यासाठी एकाच संस्थेची दमदार महाविद्यालये जवळपास असावी लागतात. तुमच्या गावात दोन आहेत, दोन वेगवेगळ्या संस्थांची, आणि त्यांचे अध्यक्ष मागची विधानसभा एकमेकांविरुद्ध लढले. हा मार्ग तूर्त बाजूला ठेवावा.

पाठ २ : अक्षरओळख

पुढील मुळाक्षरे पाठ करा. डीएससी म्हणजे मेजर. मग मायनर. ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, एफपी, सीईपी, ओजेटी, आरपी. व्हीएससी आणि एसईसी यांतला फरक विचारू नये. एक व्यावसायिक कौशल्य आणि दुसरे कौशल्य-विकास. तो विचारणारा प्राध्यापक पुढच्या वर्षीच्या समितीत घेतला जातो.

गणित सोपे आहे. एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे पंधरा तास, प्रात्यक्षिक असल्यास तीस. सत्राला वीस ते बावीस क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. यातले बरेच विषय दोन-दोन क्रेडिटचे असतात, म्हणजे आठवड्याला दोन तास.

आता हेच गणित शिक्षकाच्या बाजूने सोडवा. सहायक प्राध्यापकाचा अध्यापनाचा कार्यभार आठवड्याला सोळा तास. दोन-दोन तासांच्या विषयांनी तो भरायचा तर आठ विषय लागतात. मराठीच्या प्राध्यापिकेने पूर्वी तीन पेपर वर्षानुवर्षे शिकवले असतील, त्यांवर तिची टिपणे पिवळी आणि पक्की झाली असतील. आता तिच्याकडे साहित्यविचार, भाषिक कौशल्ये, मुद्रितशोधन, भारतीय ज्ञानप्रणाली, संविधानाचा परिचय आणि एक क्षेत्रीय प्रकल्प आहे. सातवा आणि आठवा विषय कोणते, असे तिला विचारू नये. ते जुलैमध्ये ठरतात.

पाठ ३ : विद्यार्थ्याला निवड कशी द्यावी

धोरणाचा प्राण म्हणजे निवड. कलेच्या विद्यार्थ्याने वित्तनियोजन शिकावे, वाणिज्याच्या विद्यार्थिनीने नाट्यलेखन, विज्ञानाच्या मुलाने तत्त्वज्ञान. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा, ही कल्पना खरोखर चांगली आहे. तिचा अंमल पुढील पायऱ्यांनी करावा.

पायरी एक. विद्यापीठाच्या यादीतले सर्व ओपन इलेक्टिव्ह मोजावेत. डोळे दिपतील.
पायरी दोन. ज्या विषयांना कॉलेजात शिक्षक आहे ते ठेवावेत. बाकीचे खोडावेत. यादी एका पानात येईल.
पायरी तीन. उरलेल्यांतून, ज्यांच्या शिक्षकाचा कार्यभार कमी पडतो आहे ते निवडावेत. यादी तीन ओळींत येईल.
पायरी चार. साडेबाराच्या एसटीआधी कोणता तास बसतो ते पाहावे. यादी एका ओळीत येईल.
पायरी पाच. विद्यार्थ्यांना गुगल फॉर्म पाठवावा आणि त्यात निवड नोंदवून घ्यावी.

अहवालात लिहावे : 'विद्यार्थ्यांनी पर्यटन भूगोलास उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' दोनशे चाळीस विद्यार्थ्यांनी एकमताने एकच विषय निवडल्याची घटना लोकशाहीच्या इतिहासात दुर्मीळ असली, तरी उच्च शिक्षणात नेहमीची आहे.

यात खलनायक शोधू नका. पद निवृत्तीने रिकामे होते. ते भरायला शासनाची परवानगी लागते. तोवर तासिका तत्त्वावरचा शिक्षक येतो. तो नेट-सेट, कधी पीएच.डी.ही असतो. त्याला पैसे तासावर मिळतात आणि तेही मंजुरीची फाइल खाली येईल तेव्हा. त्याला नवा विषय तयार करायला सांगणे सोपे आहे, कारण तो नाही म्हणू शकत नाही. निवडीचे सारे ओझे शेवटी ज्याला स्वतःला कसलीच निवड नाही अशा माणसाच्या खांद्यावर जाते.

शिक्षकच नसेल तर 'स्वयम्' पोर्टल आहे. सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. नावापासूनच सूचना स्पष्ट आहे.

पाठ ४ : नामकरण

नवा अभ्यासक्रम तयार करायला एक वर्ष लागते, जुन्याचे नाव बदलायला एक बैठक. नवशिक्याने दुसऱ्यापासून सुरुवात करावी. उपयोजित मराठीचे 'माध्यमलेखन कौशल्य' करावे, वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या युनिटचे 'रोपवाटिका व्यवस्थापन'.

या कलेतला अभ्यासण्याजोगा नमुना २०२४ चा आहे. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत गेले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागू झाली. विनाअनुदानित तुकड्यांवर ज्यांचा संसार चालतो त्या महाविद्यालयांच्या पोटात गोळा आला, कारण त्यांचा विद्यार्थी बारावीच्या निकालानंतर कॉलेज शोधतो, आधी सीईटीचा फॉर्म भरत नाही. पहिल्याच वर्षी दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. तोवर काही महाविद्यालयांनी त्याच वर्गाचे नाव बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असे करून घेतले होते. शिक्षक तेच, बाके तीच, पुस्तके बहुतांशी तीच. सीईटी तेवढी नाही.

पाठ ५ : येणे-जाणे

मल्टिपल एन्ट्री आणि एक्झिट. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. क्रेडिट ॲकॅडेमिक बँकेत सात वर्षे वैध राहतात.

ही सोय हसण्यावारी नेऊ नका. दर वर्षी मे महिन्यात तुमच्या द्वितीय वर्षाच्या हजेरीपटातून काही मुलींची नावे जातात. लग्न ठरलेले असते. पूर्वी दोन वर्षांच्या अभ्यासाचा कागद म्हणून त्यांच्या हाती फक्त गुणपत्रके असत. आता पदविका मिळू शकते, आणि सासरच्या गावी कॉलेज असले तर तिसरे वर्ष तिथे जोडता येते. धोरणातले हे कलम तुमच्याच कॉलेजसाठी लिहिल्यासारखे आहे.

फक्त एक अट वाचा. वर्षाअखेरीस बाहेर पडताना प्रमाणपत्र किंवा पदविका हवी असेल, तर सत्राच्या क्रेडिटांखेरीज आणखी चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. जी मुलगी घरच्यांना तिसऱ्या वर्षासाठी राजी करू शकली नाही, तिने उन्हाळ्यात चार क्रेडिटसाठी राजी करावे. पत्रिका छापायला जाण्यापूर्वी.

मुलांचा प्रश्न निराळा. तुमच्या बी.ए.च्या वर्गातला मोठा भाग पोलीस भरतीच्या मैदानावर किंवा एमपीएससीच्या अभ्यासिकेत आहे. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते, राज्यसेवेला पदवी. या दोहोंच्या मध्ये बसणारे एक वर्षाचे प्रमाणपत्र कोणत्या जाहिरातीला चालते, असे पालक विचारतील. पालक हमखास येतील. संवादाचा नमुना देत आहोत :

'सर, पोरगं शेवटी बी.ए.च होणार ना?'
'हो काका. पण मेजर इतिहास, मायनर राज्यशास्त्र.'
'म्हणजे बी.ए.च.'
'हो.'
'मग बरं.'

इथेच थांबावे. चौथ्या वर्षाचा विषय काढू नये. २०२४-२५ ला आत आलेली तुकडी २०२७-२८ ला चौथ्या वर्षात जाईल, आणि 'ऑनर्स विथ रिसर्च' द्यायचे तर विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. तुमच्या इतिहास विभागात कायम प्राध्यापक एक, आणि ते २०२७ ला निवृत्त होतात.

ॲकॅडेमिक बँकेचे खाते उघडताना येणारी खरी अडचण तात्त्विक नसते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर नाव आधी, आणि एका ठिकाणी आईचे नाव सुषमा तर दुसरीकडे सुशमा. अपार (विद्यार्थी ओळख) क्रमांक अडला की विद्यार्थी तुमच्याकडे येईल. त्याला सेतू केंद्राचा पत्ता सांगा.

पाठ ६ : ऑन जॉब ट्रेनिंग आणि त्याचा फोटो

चार क्रेडिट, एकशे वीस तास. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांच्या दारात कंपन्या आहेत. तुमच्या गावात दोन पतपेढ्या, बाजार समिती, एक सीए, चार मेडिकल स्टोअर्स आणि यंदा गाळप होईल की नाही याची चर्चा असलेला साखर कारखाना आहे. एकशे ऐंशी विद्यार्थ्यांना त्यांत बसवायचे. पतपेढीचे मॅनेजर सज्जन असतात; दहा जणांना घेतात आणि स्टेपलर मारायला बसवतात.

या पाठातला सर्वांत हुशार विद्यार्थी तुम्हाला वर्गात सापडणार नाही. तो दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत पेट्रोल पंपावर असतो. रोजची रोकड जुळवतो, डिप मोजतो, दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाला शांत करतो. वर्षाला त्याचे दोन हजारांवर तास भरतात. हजेरी कमी म्हणून तुम्ही त्याच्या घरी पत्र पाठवले आहे. आता त्याला सांगायचे, की बाबा रे, एकशे वीस तासांचा कामाचा अनुभव आण. पंपाच्या मालकाचा शिक्का आणि लॉगबुक त्याने आणले तर ते स्वीकारा. नियम आडवा आला तर नियम पुन्हा वाचा. शिकण्याचे मोल वर्गाबाहेरही धरावे, हे धोरणाचेच म्हणणे आहे.

फोटो मात्र काढावा. वृक्षारोपणाचा, क्षेत्रभेटीचा, कार्यशाळेच्या उद्घाटनाचा. अक्षांश-रेखांश दिसले पाहिजेत. झाड दिसले नाही तरी चालते.

पाठ ७ : नॅक, म्हणजे उत्तर कोणी द्यायचे

नॅकची स्थापना १९९४ ची, मुख्यालय बेंगळुरूला. सात निकष. त्यांतल्या दुसऱ्या निकषात एक साधा प्रश्न आहे : गेल्या पाच वर्षांत मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती टक्के? अनुदानित पद मंजूर शासन करते, भरण्याची परवानगी शासन देते, भरती थांबवते तेही शासन. गुण कापले जातात महाविद्यालयाचे. मग कमी श्रेणीमुळे स्वायत्तता दूर राहते, निधीच्या योजनांत मागे पडायला होते, आणि त्या कमी श्रेणीचे कारण म्हणून पुन्हा महाविद्यालयाचेच नाव छापून येते. विहिरीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवणाऱ्याने पाणक्याची घागर रिकामी म्हणून त्याचा पगार कापावा, तसा हा हिशेब.

जानेवारी २०२४ मध्ये नॅकने श्रेणी सोडून 'मानांकित' किंवा 'अमानांकित' अशी दोनच उत्तरे देणाऱ्या पद्धतीची घोषणा केली. बी डबल प्लसवाल्यांना यात दिलासा आहे. फर्ग्युसनही मानांकित, आपणही मानांकित. संस्थेच्या कॅलेंडरवर ते ठळक छापावे.

पाठ ८ : एक विषय खरा चालवावा

हा पाठ कोणत्याही परिपत्रकात नाही. इतके सगळे तक्ते भरून झाल्यावर, वर्षातून एक दोन क्रेडिटचा विषय निवडावा आणि तो कागदावर लिहिला आहे तसा शिकवावा. सगळे विषय तसे शिकवणे तुमच्या हातात नाही, एक आहे.

निवड कशी करावी, याचे उदाहरण मोडीचे घ्या. इतिहास विभागाने कौशल्याच्या रकान्यात मोडी लिपी घातली, तेव्हा स्टाफरूममध्ये हशा झाला असेल. पण २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरे उघडली, तेव्हा मोडी वाचणारा माणूस कुठे मिळेल, अशी शोधाशोध झाली. तीस तासांत कोणी मोडीतज्ज्ञ होत नाही. पण जमिनीचा जुना कागद हातात धरून चार ओळी लावता येणारी बारा मुले तयार होतात, आणि त्यांतली दोन पुढे चिकाटी धरतात. असा विषय तुमच्याही गावात असेल : पाण्याची तपासणी, पतपेढीचा ताळेबंद, द्राक्षबागेची रोगनोंद. त्याला शिक्षक आहे का, ते आधी पाहा. असेल तर गुगल फॉर्मची वाट पाहू नका.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर द्या : व्हीएससी आणि एसईसी यांत फरक काय? (उत्तर येत असल्यास विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाला कळवावे.)

२. रिकाम्या जागा भरा. (सूचना : हा प्रश्न तुमच्यासाठी नाही. शासनासाठी आहे.)

३. बरोबर की चूक : शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, असे १९६८ च्या धोरणात म्हटले, १९८६ च्या धोरणात म्हटले आणि २०२० च्या धोरणातही म्हटले. (उत्तर : बरोबर. तिन्ही वेळा.)

४. तोंडी परीक्षा : तुमच्या कॉलेजात आज शिकवले जाणारे विषय मोजा, मग ते शिकवणारे कायम शिक्षक मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा आणि येणारे उत्तर पुढच्या कार्यशाळेत, 'काही शंका?' असे विचारले गेल्यावर, उभे राहून मोठ्याने सांगा. या प्रश्नाला दोन क्रेडिट आहेत. प्रमाणपत्र मिळणार नाही.